आबांची पेटी, कूलरची हवा आणि बारा हजारांचं गिऱ्हाईक

वाचक ताईंचं पत्र (थोडक्यात): आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी अमळनेर तालुक्यात गेले होते. भाऊ जुनं धाब्याचं (मातीच्या छताचं) घर पाडून स्लॅबचं बांधतोय. माळ्यावर आबांची पत्र्याची पेटी निघाली. आबा भुसावळला रेल्वेत होते. पेटीत दीडशेच्या आसपास मराठी इंद्रजाल कॉमिक्स, चाळीसेक चांदोबा, थोडी हिंदी कॉमिक्स आणि बबलगममधून मिळायची तशी क्रिकेटपटूंची कार्डं आहेत. भाऊ म्हणाला, "रद्दीमा दी टाक." मी पेटी जळगावला आणली. पंधरा दिवस ती हॉलमध्ये कूलरजवळ आहे. आता पानं लाटेसारखी झाली आहेत, वास वाढलाय, काही पिना गंजल्या आहेत आणि एका गठ्ठ्यात चांदीसारखे किडे दिसले. सगळ्यांना ऊन दाखवून कव्हरं लॅमिनेट करून घेऊ का? मोबाइलवर पुण्याच्या एकाने फोटो पाहून सगळ्याचे बारा हजार देऊ केलेत, पण आठवड्यात उत्तर हवंय. भाच्याला वाचायची आहेत. बऱ्याच अंकांवर आबांनी पेनाने नाव आणि तारीख लिहिली आहे, ती काढता येईल का?

उत्तर:

ताई, लॅमिनेशन नको, ऊन नको, आणि त्या माणसाला आठवड्यात होकारही नको. हे पत्र वाचून होताच पेटी कूलरच्या खोलीतून हलवा.

वास वाढण्याचं कारण कूलर हेच आहे. वैशाखात आपल्याकडे बाहेरची हवा इतकी कोरडी असते की कागद पापडासारखा कडक होतो. कूलर त्याच हवेत दिवसभर पाणी मिसळतो आणि रात्री बंद झाला की खोली पुन्हा कोरडी पडते. इंद्रजालचा कागद म्हणजे वर्तमानपत्राच्या जातीचा, लाकडाच्या लगद्याचा. तो पाणी चटकन ओढतो, फुगतो, सुकताना आक्रसतो. पंधरा दिवस असं वर-खाली झालं की पान लाटेसारखं होतं, पिनेजवळ ताणलं जातं आणि सादळलेल्या कागदावर बुरशी आणि कसर दोन्ही येतात. माळ्यावर इतकी वर्षं अंक टिकले, याचं एक कारण धाब्याच्या मातीचा जाड थर हे असणार. स्लॅब किंवा पत्र्याखाली मे महिन्यात जेवढं तापतं, तेवढं धाब्याखाली तापत नाही. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की कागद पिवळा पडून ठिसूळ होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशोब धरतात. म्हणून नव्या घरात पेटी परत माळ्यावर चढवू नका. घराच्या मधल्या, सावलीच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकणारं लोखंडी कपाट चांगलं. सगळ्यात खालचा कप्पा मोकळा ठेवा.

आता या आठवड्याचं काम. कूलर नसलेल्या खोलीत स्वच्छ सुती चादर अंथरा आणि अंक सुटे मांडा. पंखा लावा, पण थेट अंकांवर नको, भिंतीकडे तोंड करून. दिवसातून एकदा अंक उलटे करा. दोन-तीन दिवसांत ओल जाईल. एकदम जास्त वाळवले तर वाक तसाच पक्का होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पाच-पाच अंकांचे थर करून वर-खाली कोरा पांढरा कागद आणि त्यावर एक सपाट पाट ठेवा. पाटावर दोन-तीन किलोचं वजन पुरे. लाट पूर्ण जाणार नाही, निम्मी गेली तरी पुष्कळ.

ऊन दाखवायची सवय आपल्याला पापड-कुरडयांमुळे लागलेली आहे, पण या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो आणि उन्हातला अतिनील प्रकाश त्यालाच आधी खातो. वेताळाचा (म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचा) जांभळा आणि मुखपृष्ठावरचा लाल रंग फिका पडला की परत येत नाही.

चांदीसारखे किडे म्हणजे कसर. तो गठ्ठा आजच बाकीच्यांपासून वेगळा करा. अंक कोरडे झाल्यावर जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि पुन्हा दुसऱ्या पिशवीत घालून फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. उणे अठरा अंशांना दोन आठवडे. कप्पा सारखा उघडू नका. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास तशीच बंद ठेवा. लगेच उघडली तर गार कागदावर बाहेरच्या हवेतलं पाणी सुटतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. कीड मेल्यावर मऊ ब्रशने झटकून घ्या. पेटीच्या सांध्यांत मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. मग पेटी वापरू नका, आणि अंकांवर कीटकनाशक मुळीच फवारू नका. डांबरगोळ्यांचा वास कागदात वर्षानुवर्षं राहतो, शिवाय भाचा ते अंक हाताळणार आहे. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल तर पूर्ण वाळवून, कापडी पुरचुंडीत, कपाटाच्या तळाशी. अंकांमध्ये घातला तर पानांवर डाग पडतात, आणि नुसत्या पाल्याच्या भरवशावर कसर जात नाही.

कुबट वासासाठी झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाशी वाटीभर खायचा सोडा, त्यावर जाळी, जाळीवर अंक उभे, थोडे उघडून. आठवडाभर झाकण बंद. सोडा अंकांवर भुरभुरायचा नाही, तो घड्यांत अडकून बसतो.

स्वच्छता आणि दुरुस्तीला मात्र घाई करू नका. आत्ताच्या हवेत पान वळवताना तुटतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास हवा मवाळ होते, तेव्हा बसा. एक इंचाचा मऊ ब्रश घ्या, पानाच्या मधून कडेकडे, एकाच दिशेने. मळकट डागांवर पांढऱ्या मऊ खोडरबराचा किसलेला चुरा बोटाने हलकेच फिरवा आणि झटकून टाका. ओलं फडकं, स्पिरिट, सॅनिटायझर यांतलं काही नको. छपाईची शाई पसरते आणि ओल्या भागाच्या कडेने तपकिरी रेघ उठते.

गंजलेल्या पिनांचं काय करायचं, हे गंज किती आहे त्यावर ठरवा. पिनेभोवती नुसता तपकिरी ठिपका असेल तर हात लावू नका. मूळ पिना असलेल्या अंकाला संग्राहक जास्त मान देतात, आणि ते बरोबरही आहे. गंजाने कागद खाल्ला असेल, पान सुटत असेल, तरच पिन काढा. अंक मधल्या पानावर उघडा. पिनेच्या वाकलेल्या टोकांखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, म्हणजे कागदावर ओरखडा येणार नाही. बोथट सुरीने एकेक टोक उभं करा, मग अंक उलटा करून पाठीकडून पिन सरळ वर ओढा. तिरकी ओढली की मुखपृष्ठ फाटतं. गंजाची भुकटी कोरड्या ब्रशने काढा. नव्या पिना मारायच्या नाहीत. त्याच दोन भोकांतून सुती दोरा घाला. आतून एका भोकातून बाहेर, पाठीवरून दुसऱ्या भोकातून आत, आणि गाठ आतल्या बाजूला, मधल्या पानावर. दोरा जेमतेम ताणलेला हवा, आवळलात तर कापतो.

फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. काही वर्षांत पट्टी सुटते आणि तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो. आधीच लागलेली जुनी टेपही ओढून काढू नका. जगभरच्या ग्रंथालयांत अशा दुरुस्तीला गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, आणि गव्हाचं स्टार्च म्हणजे आपला कुरडयांचा चीक. तो करणं खान्देशातल्या बायकांना शिकवायला नको. फक्त फरक लक्षात ठेवा. त्यात मीठ-हिंग काही नाही, आणि खाली बसलेला चीक दोन-तीनदा ताज्या पाण्याने धुऊन वरचं आंबट पाणी फेकून द्यायचं. एक चमचा घट्ट चिकाला चार चमचे पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळा. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, वास बदलला की फेका. मैद्याची खळ नको. तिच्यात गव्हातली प्रथिनं राहतात आणि कसरीला आयतं जेवण मिळतं.

वर चिकटवायला जपानी टिश्यू हा पातळ, लांब धाग्यांचा कागद ऑनलाइन मिळतो. पट्टी कात्रीने कापू नका, ओल्या ब्रशची रेघ मारून हाताने फाडा, म्हणजे कडेचे धागे मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही. पट्टीला खळ अगदी पातळ लावा, एकदा टिपकागदावर टेकवून जादा ओल काढा आणि मगच फाटलेल्या जागी बसवा. वर-खाली बटर पेपर, त्यावर टिपकागद, त्यावर वजन, रात्रभर. वर्तमानपत्री कागदावर ओल जास्त झाली की डाग पडलाच समजा. आधी रद्दीच्या जुन्या पेपरवर दहा-बारा जोड करून पाहा. हात बसला की मग अंक घ्या. ज्याच्यावर मन नाही असा हिंदी अंक पहिला.

लॅमिनेशनने कव्हर चकचकीत होईल खरं, पण गरम रोलरने चिकटवलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही. पानातलं आम्ल आतच कोंडलं जातं आणि लॅमिनेट केलेल्या कडेला मुखपृष्ठ दुमडून तुटतं. संग्राहकाच्या दृष्टीने तो अंक संपला. एकत्र बाइंडिंगही नको, कारण बाइंडर कडा कापतो आणि पाठीला डिंक भरतो. मात्र काही अंक भाड्याच्या लायब्ररीने पूर्वीच एकत्र शिवलेले असतील तर ती शिवण उसवू नका, भोकं आणखी मोठी होतील.

पावसाळ्याआधी पिशव्या हव्यात. मृग लागायच्या आत. साडी किंवा शर्ट ज्या कडक, चुरचुर वाजणाऱ्या पारदर्शक पिशवीत येतो, ती पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ती चालते. मऊ, जरा चिकट, उघडताच रेक्झिनसारखा वास येणारी ती पीव्हीसी. ती कागदाला चिकटते आणि शाई उचलते, फोटो अल्बमचं तेच होतं. अंकाची लांबी-रुंदी मोजून प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर मोठी पिशवी घ्या. मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालावा. तो महाग वाटला तर निवडक वीस-पंचवीस अंकांना घाला, बाकीच्यांना पुठ्ठ्याशिवाय ठेवा. बुटाच्या खोक्याचा करडा पुठ्ठा घालण्यापेक्षा काही न घातलेलं बरं. पिशवीचं तोंड टेपने बंद करू नका, नुसतं मागे दुमडा. टेप असली की अंक बाहेर काढताना मुखपृष्ठ तिला चिकटून फाटतं, आणि हे इतक्यांदा होतं की संग्राहक त्याला वेगळा अपघात मानतच नाहीत. अंक पूर्ण सुकल्याशिवाय पिशवीत घालायचा नाही. पंचवीस-तीस अंकांपेक्षा उंच थप्पी लावू नका, खालचे दबतात.

पेटी वापरायचीच असेल तर आतून गंज घासून, पूर्ण कोरडी करून, तळाला जाड पांढरा कागद. जून ते सप्टेंबर आत दोनशे ते अडीचशे ग्रॅम केशरी सिलिका जेल कापडी पिशव्यांत ठेवा. निळी सिलिका घेऊ नका, तिच्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की लहान ओव्हनमध्ये एकशेदहा-वीस अंशांवर दोन तास ठेवा, परत कामाला येते. सप्टेंबर संपला की सिलिका काढून घ्या. उन्हाळ्यात ती आत राहिली तर आधीच कोरड्या कागदाचं उरलंसुरलं पाणी शोषते.

आता बारा हजारांचं. भाव बरोबर की चूक हे आज कोणीच सांगू शकत नाही, कारण तुमच्याकडे यादी नाही आणि त्याच्याकडे आहे. तुमचे फोटो झूम करून त्याने ती केली असणार. आठवड्याची मुदत तेवढ्यासाठीच असते. म्हणून आधी वही घ्या आणि रकाने पाडा: अंकाचं नाव, छापलेला क्रमांक, तारीख, छापील किंमत, नायक, मुखपृष्ठ जोडलेलं आहे का, मधलं पान आहे का, कुपन कापलंय का, कोडं भरलंय का, शेरा.

क्रमांकांबाबत थोडं जास्त सांगतो, कारण इथेच लोक फसतात. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० मध्ये बंद झाली. इंग्रजी मालिकेचे क्रमांक ८०५ पर्यंत जातात, पण अंक निघाले ८०३. क्रमांक १२३ आणि १२४ छापखान्यातल्या संपामुळे निघालेच नाहीत. कोणी ते दोन "दुर्मीळ" म्हणून विकायला आणले तर हसून नमस्कार करा. सुरुवातीचे अंक सगळे वेताळाचे, जादूगार मँड्रेक आणि बाकीची मंडळी नंतर आली. मालिका आधी मासिक, मग पाक्षिक आणि पुढे साप्ताहिक झाली, म्हणून शेवटच्या दशकातले अंक संख्येने जास्त सापडतात. नंतरच्या अंकांवर सलग क्रमांकाऐवजी वर्ष आणि अंक अशी नोंद दिसते. इंग्रजी यादी शेजारी ठेवून मराठी अंकांना क्रमांक देऊ नका. तुमच्या अंकावर जे छापलंय तेच लिहा. बहादूर १९७६ चा, आबिद सुरती यांनी घडवलेला आपल्या मातीतला नायक. त्याचे सुरुवातीचे मराठी अंक असतील तर वेगळे काढा. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात बी. गोविंद यांची सही दिसली तर तीही शेऱ्यात लिहा, काही जण फक्त त्यांचीच चित्रं जमवतात.

चांदोबाची मराठी आवृत्ती १९५२ पासूनची. तिथे सुट्या अंकापेक्षा सलग महिन्यांना किंमत आहे, कारण धारावाहिक कथा तुटत नाही. शंकर यांनी काढलेलं, खांद्यावर प्रेत घेतलेल्या विक्रमाचं चित्र ज्या पानावर असतं, ते मुलांनी हमखास कापून घेतलेलं असतं, ते आधी तपासा. एकाच पेटीत दोन वेताळ नांदताहेत, इंद्रजालचा फँटम आणि चांदोबातला विक्रमाच्या खांद्यावरचा; यादीत नावं लिहिताना गोंधळ होऊ देऊ नका.

भाव पाहताना विक्रीला लावलेली किंमत धरू नका. तो आकडा कोणीही टाकू शकतो. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या मराठी अंकांची किंमत बघा. मराठीचे अंक कमी सापडतात, पण घेणारेही इंग्रजीपेक्षा कमी असतात, त्यामुळे वाट पाहावी लागते. मुखपृष्ठ निखळलेला अंक आणि धड अंक यांत काही पटींचा फरक पडतो, तर जोड असलेली जुनी प्रत चांगल्या दुरुस्तीने फारशी महाग होत नाही. दुरुस्ती टिकवण्यासाठी करा, भाव वाढवण्यासाठी नाही.

आमचं मत विचाराल तर आधी फक्त दुबार प्रती आणि हिंदी अंक विका, सलग मराठी गठ्ठा फोडू नका. वेताळाच्या मूळ कथा पुन:पुन्हा छापल्या गेल्या आहेत. तो मराठी अनुवाद, ती मराठी अक्षरं, त्या काळच्या जाहिराती मात्र याच कागदावर आहेत. विकायचं ठरलंच तर अंकागणिक भाव मागा. फोटो सकाळी ओसरीतल्या सावलीच्या उजेडात घ्या: पुढचं, मागचं, मधलं पान पिनांसकट. दोष आधीच सांगा. पैसे आधी तुमच्या खात्यात. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही, कोणी सांगितलं तर व्यवहार तिथेच थांबवा. पाठवताना अंक पिशवीत, दोन्ही बाजूंनी अंकापेक्षा मोठे कडक पुठ्ठे, मग पॉलिथिन, मग खोकं. भर पावसात पाठवू नका.

भाच्यासाठी प्रती फोनवर करा. अंक शंभर अंशांच्या कोनाच्या आसपास उघडा, पाठ दाबून सपाट करायची नाही, उघडी बाजू उशीवर टेकवा आणि फोन वर आडवा धरा. त्या घरापुरत्या ठेवा. मजकूर अजून कॉपीराइटखाली आहे, पीडीएफ करून ग्रुपवर वाटू नये. आणि एक-दोन दुबार अंक खरेच त्याच्या हातात द्या. हात धुऊन, कोरडे करून, जमिनीवर बसून वाचू दे. फोनवर तो कागदाचा वास येत नाही.

क्रिकेटची कार्डं वहीत चिकटवू नका. पीपीच्या छोट्या कप्प्यांत एकेक ठेवा. जुन्या बबलगमचा डाग दिसला तरी खरवडू नका.

आबांनी लिहिलेलं नाव बॉलपेनचं असो की शाईचं, काढता येत नाही. प्रयत्न केला तर कागदाचा वरचा थर जातो आणि खड्डा उरतो. लिखाणामुळे काही गिऱ्हाइकं भाव पाडतील, पाडू देत. तारखा त्यांनी स्वतः घातल्या आहेत, म्हणजे तो अंक त्यांच्या हातात कधी आला हे कळतं. छापलेल्या तारखेशेजारी वहीत तो एक रकाना वाढवा.